आईची हाडं ठिसूळ, मग माझी? हाडांची घनता आणि आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षांपूर्वी माझ्या आईचा खुबा मोडला. न्हाणीघरातून बाहेर येताना उंबऱ्याला पाय अडला, पडली तीसुद्धा धाडकन नाही, भिंतीला धरत धरत खाली बसल्यासारखी, आणि तरी हाड मोडलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले, लिहीत आले, आणि बायकांचे प्रश्न येत राहिले, बहुतेक सगळे एकाच भीतीतून आलेले: आईचं झालं तेच माझं होणार का. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, औषधाचं काय ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

१. बोन डेन्सिटी म्हणजे नेमकं काय? माझी हाडं तर जाडजूड आहेत, मनगटात बांगडी पण मोठी लागते.

बांगडीचं माप आणि घनता या वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे हाडात खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट, किती भरलंय ते. डेक्सा नावाच्या मशीनवर कंबर आणि खुबा मोजतात आणि तरुण निरोगी बाईच्या हाडांशी तुलना करून टी-स्कोअर देतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर ऑस्टिओपेनिया (घनता थोडी कमी), आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली ती अजून चालू आहे.

हाड जिवंत असतं हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, काही नवीन भरतात, आयुष्यभर. पंचविशी-तिशीपर्यंत भरणं जास्त असतं, साठा वाढतो. मग बराच काळ जमाखर्च सारखा चालतो, आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की पोखरणाऱ्या पेशी मोकाट सुटतात.

२. आईला ऑस्टिओपोरोसिस आहे. मला होणारच का?

होणारच असं नाही, पण "मला काही होत नाही" म्हणून सोडून द्यावं असंही नाही. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर तुमचा खुबा मोडण्याचा धोका ढोबळमानाने दुप्पट धरतात. आता दुप्पट ऐकून घाबरायला होतं, पण पन्नाशीत मूळ धोकाच लहान असतो, त्याचं दुप्पटही लहानच. सत्तरीत तोच आकडा जड होतो.

आईकडून काय काय येतं ते बघा: तरुणपणी किती साठा होणार, हाडाचा आकार, अंगकाठी, आणि पाळी कधी जाणार तेसुद्धा बऱ्याच अंशी. पण आईची तीस वर्षं बसून केलेली शिलाई, तिची दम्यासाठी घेतलेली स्टिरॉइडं, तिचं अर्धपोटी बालपण, हे तुमच्याकडे येत नाही.

३. हाडांची घनता ८० टक्के आनुवंशिक असते असं वाचलं. मग चालून, व्यायाम करून काय उपयोग, २० टक्केच हातात आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात चूक वाचणाऱ्यांची नाही, तो आकडा सांगतातच अर्धवट.

जुळ्या बहिणींवरच्या अभ्यासांमधून हा आकडा आला. एकाच गर्भातून फुटलेल्या अगदी सारख्या जुळ्या आणि साध्या जुळ्या, यांच्या घनतेत किती साम्य आहे ते मोजतात, आणि त्यावरून साधारण ५० ते ८५ टक्के असा अंदाज निघतो. पण हे टक्के *तुमच्या* हाडाचे नाहीत. ते एका समूहात बायका-बायकांमध्ये जो फरक दिसतो त्या फरकाचे आहेत.

ज्वारीचं उदाहरण घ्या. एकाच रानात, एकाच पावसावर दोन वाणं पेरली तर कणसात जो फरक दिसेल तो वाणाचाच, कारण बाकी सगळं सारखं आहे. म्हणजे तिथे "फरक जवळजवळ १०० टक्के बियाण्याचा" असं गणित येणार. पण म्हणून पाणी तोडलं तर ज्वारी जळणार नाही का? दोन्ही वाणं जळतील. एक थोडं उशिरा जळेल एवढंच. हाडांचंही तसंच, समूहात ८० टक्के फरक जीन्समुळे असला तरी प्रत्येकीचं हाड वापराने, खाण्याने, औषधाने बदलतं.

४. वय वाढलं की जीन्सचा जोर वाढतो का? आमच्याकडे सगळ्या सत्तरीनंतरच पडल्या.

उलट होतं. स्वीडनमध्ये तीस हजारांहून जास्त जुळ्यांची नोंद तपासून २००५ मध्ये एक अभ्यास आला. वयाच्या ६९ च्या आत कोणाचा खुबा मोडतो आणि कोणाचा नाही, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ६८ टक्क्यांच्या आसपास निघाला, ६९ ते ७९ मध्ये ४७, आणि ७९ नंतर फक्त ३ टक्के. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत बघितला, चुकून वाचलं की काय म्हणून.

कारण असं की ऐंशीनंतर हाड मोडतं ते मुख्यतः बाई *पडते* म्हणून. मोतीबिंदू, रात्री बाथरूमला उठणं, झोपेची गोळी, ब्लडप्रेशरच्या गोळीने उठल्यावर येणारी चक्कर, मांड्यांतली ताकद गेलेली, गुळगुळीत फरशी. हे काही आईकडून आलेलं नसतं. त्यामुळे घरात कमी वयात, साठीच्या आत, किरकोळ पडून हाड मोडल्याचा इतिहास असेल तर तो जास्त मनावर घ्या. नव्वदीतल्या आजीचा खुबा मोडला यावरून तुमच्या जीन्सबद्दल फारसं कळत नाही, तिच्या न्हाणीघराबद्दल कळतं.

५. पाळी गेल्यावर जी झीज होते ती पण आईसारखीच होते का?

थोडीफार, पण साठ्याइतकी नाही. तरुणपणीचा साठा ठरवण्यात जीन्सचा हात मोठा आहे, नंतरच्या झिजेच्या *वेगात* तो कमी दिसतो, आणि दोन्हींवर परिणाम करणारी जीन्स सगळी एकच नाहीत. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांची २० टक्क्यांपर्यंत घनता जाते, काहींची त्याच्या निम्मीही जात नाही, सख्ख्या बहिणींमध्येसुद्धा फरक असतो.

आईकडून जे नक्की विचारून ठेवावं ते म्हणजे तिची पाळी कोणत्या वर्षी गेली. आपल्याकडे सरासरी ४६-४७ ला जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे मुळात आपली चार-पाच वर्षं आधी सुरू होते ही झीज, त्यात आईची ४० ला गेली असेल तर तुमचीही लवकर जाण्याची शक्यता जास्त.

६. ऑस्टिओपोरोसिसचं एक ठरावीक जीन आहे का?

एकच असं नाही, आणि ही समजूत पसरण्यामागे एक गोष्ट आहे. १९९४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी नेचर या नियतकालिकात लिहिलं की व्हिटॅमिन डी ज्या रिसेप्टरला चिकटतं त्याच्या जीनमधल्या एका फरकाने घनतेतला बहुतांश आनुवंशिक फरक समजतो. जगभर बातम्या झाल्या. १९९७ मध्ये त्यांनीच कळवलं की काही नमुन्यांची तपासणी चुकली होती आणि परिणाम सांगितला त्याहून बराच कमी आहे. चूक जाहीर मान्य केली याचं मला कौतुकच वाटतं. २००६ मध्ये युरोपात २६ हजारांवर लोकांत परत बघितलं तेव्हा त्या जुन्या गाजलेल्या फरकांचा घनतेशी काही संबंध निघाला नाही. तरी जीन टेस्टच्या पॅकेजांमध्ये व्हीडीआर (म्हणजे हाच व्हिटॅमिन डी रिसेप्टर) हे नाव अजून दिसतं.

खरं चित्र २०१९ ला स्पष्ट झालं. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या सव्वाचार लाखांहून जास्त लोकांचे जीन्स आणि टाचेच्या हाडाचं मोजमाप जुळवून बघितलं, तर ५१८ जागा सापडल्या जिथल्या फरकाने हाडाची घनता थोडी थोडी बदलते. पाचशेच्या वर! आणि त्या सगळ्या मिळून घनतेतला फरक किती समजतो, तर २० टक्के. प्रत्येक जीन तिळाएवढं काम करतं. त्यातली बरीचशी तीन कामांत येतात: हाड भरणाऱ्या पेशींना हुकूम देणारा विंट नावाचा मार्ग, पोखरणाऱ्या पेशींना जागं करणारी आणि आवरणारी रँक-लिगँड आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन ही जोडी, आणि इस्ट्रोजेनशी निगडित असलेली. प्रश्न १२ आणि १४ मध्ये याचा उपयोग कसा झाला ते लिहिलंय.

७. मग थुंकी पाठवून जीन टेस्ट करून घेऊ का?

साध्या, वयाबरोबर येणाऱ्या ठिसूळपणासाठी नको. एक तर वर सांगितलं तसं सगळी माहीत असलेली जीन्स मिळूनही चित्र अर्धवटच. दुसरं, हे गुण देण्याचं गणित बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांवरून बसवलेलं आहे, आपल्याला ते तसंच्या तसं लागू पडत नाही. तिसरं, रिपोर्ट काहीही आला तरी डॉक्टर पुढे करणार काय, डेक्साच करणार. मग तेच आधी करा ना. जीन टेस्ट खरंच कामाची असते ती प्रश्न १५ मधल्या घरांसाठी.

८. डॉक्टर विचारतात "घरात कोणाला आहे का", पण आमच्याकडे कोणी कधी तपासलंच नाही, काय सांगू?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण नीट विचारलेला घरचा इतिहास आज कुठल्याही जीन टेस्टपेक्षा जास्त सांगतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

"ऑस्टिओपोरोसिस होता का" असं विचारूच नका, उत्तर "नाही बाई" असंच येणार. असं विचारा: कोणी पाट, ओटा, पायरी अशा उंचीवरून पडून हात किंवा खुबा मोडून घेतला का? पडून अंथरुणाला खिळली आणि परत उठलीच नाही अशी कोणी होती का? म्हातारपणी कोणाला पोक आलं का? मणक्याची फ्रॅक्चर्स तर निम्म्याहून जास्त कोणाच्या लक्षातच येत नाहीत, "कंबर धरलीये" म्हणून तेल चोळत दिवस निघतात. आमच्या आईचंच सांगते. खुबा मोडायच्या दोन वर्षं आधीपासून ती म्हणत होती की परकर लांब झालेत, जमिनीवर लोळतात. आम्ही म्हटलं शिंप्याने माप चुकवलं, तिने एकेक परकर वर दुमडून हाताने टीप घातली. परकर तेच होते, आईच पाच सेंटीमीटर कमी झाली होती. नंतर एक्सरेत दोन मणके दबलेले दिसले.

तर तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्सरे काढायला सांगा. तरुणपणची उंची कुठे मिळणार असं वाटेल, जुना पासपोर्ट, नोकरीची कागदपत्रं, लग्नाच्या वेळी पाठवलेला बायोडेटा, कुठेतरी लिहिलेली असते.

९. फक्त आईकडचं बघायचं की वडिलांकडचं पण?

दोन्हीकडचं. घनतेची जीन्स दोघांकडून येतात. फ्रॅक्स नावाचं शेफील्ड विद्यापीठाचं जे मोफत गणित आहे, ४० च्या पुढे दहा वर्षांतला फ्रॅक्चरचा धोका सांगणारं, त्यात भारतासाठीही वेगळा पर्याय आहे आणि त्यात प्रश्न आईचा नाही तर आईवडील दोघांपैकी कोणाचाही खुबा मोडला का असा असतो. आत्या विसरू नका.

१०. माझी आजी नव्वदीपर्यंत विहिरीचं पाणी ओढायची, एकदाही हाड मोडलं नाही. म्हणजे आमची हाडं चांगली, बरोबर?

आजीची चांगली होती एवढं खरं. आजीचे चार भागांतले एक भाग जीन्स तुमच्याकडे, सरासरीने. आणि तिचं पाणी ओढणं, जात्यावर बसणं, डोक्यावर भारा घेऊन चालणं, उन्हातलं काम, हे तिच्या हाडांना रोजचा भार देत होतं. हाड भाराला उत्तर देतं, बसून राहिलेल्या हाडाला शरीर उगाच पोसत नाही. तुम्ही आजीची जीन्स घेऊन खुर्चीत आठ तास बसत असाल तर आजीचा हिशोब लागू नाही. आणि आजी शेवटी वाकली होती का तेही आठवा, प्रश्न ८ वाचून.

११. शिबिरात टाचेवर मशीन लावून टी-स्कोअर उणे २.८ सांगितला आणि लगेच गोळ्या दिल्या. घेऊ का?

थांबा, आधी डेक्सा करा. शिबिरातलं टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडचं असतं, ते धोक्याचा अंदाज देऊ शकतं पण प्रश्न १ मधली उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी ठरलेली आहे, टाचेच्या आकड्याला ती लावता येत नाही. मला दर महिन्याला असे रिपोर्ट येतात आणि वाईट याचं वाटतं की काही बायका वर्ष-वर्ष गोळ्या खातात आणि ज्यांना खरंच गरज असते त्या "शिबिरात नॉर्मल आलं" म्हणून निवांत राहतात. दोन्हीकडून नुकसान.

१२. भारतीय बायकांची हाडं जन्मतःच गोऱ्या बायकांपेक्षा कमजोर असतात का?

मोजली तर सरासरी कमी भरतात हे खरं, पण त्यातला एक भाग मोजण्याचा आहे. डेक्सा हाडाचा सपाट फोटो घेऊन क्षेत्रफळावर भागाकार करतं, खोली त्याला दिसत नाही, म्हणून लहान चणीच्या बाईचं छोटं हाड आतून ठीक असलं तरी आकडा कमी येतो. पाच फुटांच्या आतल्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं. दुसरा भाग खाण्याचा, उन्हाचा, लवकर जाणाऱ्या पाळीचा. जीन्सचा वाटाही असेल, पण "आपलं रक्तच असं" म्हणून सगळं त्यावर ढकलणं मला पटत नाही.

जीन्समुळे हाडं किती वेगळी होऊ शकतात याची खरी उदाहरणं फार मोजकी आहेत आणि ती विलक्षण आहेत. येल विद्यापीठाच्या लोकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यांच्या एलआरपी५ नावाच्या जीनमध्ये एक बदल होता. हाडं इतकी घट्ट की कोणाचं मोडायचं नाही, जबडा रुंद, आणि पोहायला गेले की पाण्यावर तरंगता येत नव्हतं. त्याच जीनचं काम पूर्ण बंद पडलं तर उलटं होतं, लहान मुलांची हाडं मोडतात आणि दृष्टीही जाते. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या काही घरांत स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन तयारच होत नाही, हे प्रथिन हाड भरण्याला ब्रेक लावतं. ब्रेकच नसल्यामुळे हाड वाढतच जातं, कवटी जाड होऊन नसा दबतात, ऐकू येणं जातं, चेहऱ्याचा लकवा होतो. म्हणजे जास्त हाड म्हणजे चांगलंच असंही नाही.

१३. गर्भपिशवी ३५ ला काढली. आईची हाडं ठिसूळ नव्हती, मग माझी का झाली?

इथे जीन्सला दोष देऊ नका. पिशवीबरोबर अंडाशयं काढली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद झालं, म्हणजे जी झीज ४७ ला सुरू व्हायची ती ३५ ला झाली. अंडाशयं ठेवली तरी पाळीचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. ऑपरेशनचे कागद काढून काय काय काढलं ते बघा, कितीतरी बायकांना हे सांगितलेलंच नसतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणी काढल्याचं २०१९ मध्ये सगळीकडे छापून आलं, त्या बायका आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांची हाडं कोण तपासतंय हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ४५ च्या आत पाळी बंद झाली असेल, कशानेही, तर डेक्सा आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलाच.

१४. घरातच आहे म्हणजे माझ्यावर औषध चालणार नाही का?

चालतं. आनुवंशिक आहे म्हणजे औषधाला दाद देत नाही, असं कुठे दिसलेलं नाही. अलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी मणक्यांची फ्रॅक्चर्स साधारण निम्म्यावर आणते, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांची ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी करताना दिसलं. गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी, पूर्ण ग्लास साध्या पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं न होता. चहाबरोबर घेतली तर फुकट जाते.

जीन्सच्या अभ्यासाचं खरं देणं इथेच आहे. वर सांगितलेलं स्क्लेरोस्टिन, ते अडवणारं रोमोसोझुमॅब नावाचं इंजेक्शन तयार झालं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, महिन्यातून एकदा असं वर्षभर. गेल्या वर्षभरात हार्टअटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर ते देत नाहीत. दुसरं डेनोसुमॅब, रँक-लिगँड अडवणारं, दर सहा महिन्यांनी. यात एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा: हे मधेच, दुसरं औषध सुरू न करता, थांबवायचं नाही. थांबवलं की झीज उसळून येते आणि एकामागोमाग मणके दबू शकतात. गावी गेलो म्हणून राहून गेलं, असं करू नका.

१५. आमच्यात आत्ये-मामे भावंडांत लग्नं होतात. त्यामुळे हाडं ठिसूळ होतात का?

साधा, वयाचा ठिसूळपणा त्यामुळे होत नाही, तो शेकडो जीन्सचा मिळून आहे. पण काही दुर्मिळ आजार असे आहेत जे आईवडील दोघांकडून तेच बिघडलेलं जीन आलं तरच होतात, आणि नात्यात लग्न असेल तर त्याची शक्यता वाढते. लहानपणापासून मुलांची हाडं मोडत असतील तर जेनेटिक कौन्सेलिंग घ्या, इथे जीन टेस्ट खरंच उपयोगी.

नात्यात लग्न नसतानाही चालत येणारा एक आजार आहे, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, यात हाडाला आतून बांधून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिनच नीट बनत नाही. तीव्र असेल तर लहानपणीच कळतं, पण सौम्य प्रकार पन्नाशीपर्यंत "हिची हाडं नाजूकच" म्हणून खपून जातो. खुणा म्हणजे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात निळसर झाक, लहानपणी तीन-चार फ्रॅक्चर्स, तरुणपणी कमी ऐकू येणं, सांधे जास्त वाकणं, आणि हेच पिढ्यान्पिढ्या.

१६. "तुमच्या घराण्यातच आहे" म्हणून डॉक्टरांनी पुढे काही तपासलंच नाही. बरोबर आहे का?

नाही, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मावशीबाबत हेच झालं. आईचा खुबा मोडल्यावर आम्ही सगळ्याजणींनी डेक्सा केलं, मावशीचा सगळ्यात वाईट आला. घरचा इतिहास एवढा स्पष्ट असल्यावर कोणी पुढे बघेना, कॅल्शियमच्या गोळ्या वाढवून दिल्या. तिला आधी दोनदा मुतखडा झाला होता, सारखी गळल्यासारखी असायची, बद्धकोष्ठता. दीड वर्षाने एका तरुण डॉक्टरणीने रक्तातलं कॅल्शियम बघितलं, ते चढलेलं. मग पॅराथायरॉईडचं हार्मोन, तेही चढलेलं. मानेतल्या त्या डाळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथींपैकी एकीवर गाठ होती आणि ती हाडांतून कॅल्शियम उपसत होती. ऑपरेशन झालं, पुढच्या दोन वर्षांत घनता सुधारली. दीड वर्ष तिला वरून कॅल्शियम चालू होतं याचा मला अजून राग येतो.

म्हणून घरात असो नसो, औषध सुरू करायच्या आधी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी, थायरॉईड, किडनी, हिमोग्लोबिन एवढं तरी होऊ द्या. साठीनंतर कंबरदुखी आणि हिमोग्लोबिन कमी दोन्ही असेल तर मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठीही तपासतात. गव्हाने पोट बिघडत असेल तर सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसण्याच्या आजारासाठी.

१७. दूध पचत नाही, तेही जीन्समुळेच ना? मग हाडं जाणारच.

दूध न पचणं जीन्समुळे असतं हे खरं, मोठेपणी दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होतं. पण दही-ताक बहुतेकींना चालतं, शिवाय नाचणी, तीळ, राजगिरा, काट्यासकट खायचे बारीक मासे आहेत. पाळी गेलेल्या बायकांसाठी आयसीएमआर या भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. आधीच पुरेसं मिळत असेल तर आणखी जास्त घेऊन हाड जास्त मजबूत होत नाही.

१८. माझी मुलगी २२ ची आहे. तिचं डेक्सा करू का?

नको. तिच्या वयात टी-स्कोअर लावतच नाहीत, आणि उगाच एक आकडा तिच्या डोक्यात बसेल. तिच्या हातात अजून पाच-सात वर्षं साठा करायची आहेत. उड्या, दोरी, जिने, वजन उचलणं, हे हाडाला लागतं, पोहणं छान पण त्याने हाडावर भार येत नाही. उपाशी राहून बारीक होणं आणि त्यात पाळी बंद पडणं हे तिच्या वयातलं सगळ्यात मोठं नुकसान, पाळी तीन महिने आली नाही तर दुर्लक्ष करू नका.

१९. डेक्सा चांगला आला, शुगर आहे, आणि तरी मनगट मोडलं. मशीन चुकलं का?

मशीन बरोबर असणार. टाईप २ डायबेटिसमध्ये घनता नॉर्मल किंवा जास्तसुद्धा दिसते, पण हाडाचा दर्जा खालावलेला असतो, त्यामुळे त्याच आकड्याला मोडण्याचा धोका जास्त. साध्या फ्रॅक्समध्ये टाईप २ साठी रकानाही नाही, म्हणून तिथेही धोका कमी दिसतो. भर म्हणून पायांना बधिरपणा, नजर कमी, शुगर एकदम खाली जाणं, यातून पडणं. शुगर आणि घरचा इतिहास दोन्ही असेल तर डॉक्टरांना दोन्ही एकत्र सांगा.

२०. रिपोर्टमध्ये अल्कलाईन फॉस्फटेज कमी आलंय. जास्त आलं तरच वाईट ना?

अल्कलाईन फॉस्फटेज हे रक्ताच्या तपासणीत मोजतात ते एक एन्झाइम, हाडांतही बनणारं. कमी आलेलं कोणी बघत नाही, म्हणूनच हा प्रश्न शेवटी का होईना घेतला. वारंवार कमी येत असेल, बरोबरीने पायाच्या पंज्यातली हाडं पुन्हा पुन्हा चिरत असतील, दुधाचे दात मुळासकट लवकर पडल्याचं आई सांगत असेल, तर हायपोफॉस्फटेशिया नावाच्या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. डेक्सावर हे साध्या ऑस्टिओपोरोसिससारखंच दिसू शकतं, पण प्रश्न १४ मधल्या अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक या औषधांनी इथे नुकसान होऊ शकतं, मांडीचं हाड वेगळ्याच जागी मोडू शकतं. त्यामुळे गोळी सुरू करायच्या आधी जुने दोन-तीन रिपोर्ट काढा, अल्कलाईन फॉस्फटेजच्या ओळीवर पेनाने गोल करा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.